देवरे सरांची काच

चहा संपला की देवरे सर रिकामा ग्लास उजेडाकडे धरून बघायचे. कॉलेजसमोरच्या टपरीवाल्याला सुरुवातीला वाटायचं, ग्लासात काहीतरी पडलंय आणि आता बोलणी बसणार. मग सर शांतपणे सांगायचे, "कडेला हिरवट दिसतोय ना? वाळूत लोखंड होतं." टपरीवाला "बरं सर" म्हणून ग्लास विसळायला घ्यायचा. हे रोज चालायचं, आणि रोज सर ही बातमी नवी असल्यासारखी द्यायचे.

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. मी शेजारच्या रसायनशास्त्र विभागात होते. दोन्ही विभागांत एक भिंत होती आणि भांडी धुवायला एकच नळ, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. ऐंशी सालानंतरची पहिली काही वर्षं होती. सर तेव्हाच पन्नाशी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी काचेची कांडी. कोणाच्याही घरी गेले तरी आधी खिडकीच्या तावदानावर बोटाचं पेर वाजवून बघायचे आणि मग बसायचे. यजमानीणबाई घाबरून म्हणायच्या, "सर, फुटेल हो." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "काच दिसते थांबलेली. आत वाहतूक चालू असते."

ही वाहतूक म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य होतं. काचेत सोडियम असतो, त्याचे छोटे भारलेले कण असतात, आणि काच तापली की ते एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उड्या मारायला लागतात. ते हलले की काचेतून वीज वाहते. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. काचेतून वीज? मग सर एका काचेच्या कांडीला दोन टोकांना तांब्याची तार गुंडाळायचे, वाटेत एक दिवा जोडायचे आणि बटण दाबायचे. दिवा लागायचा नाही. "बरोबर. थंड आहे. अजून झोपलेत सगळे." मग ते कांडीखाली बर्नर धरायचे. कांडी लाल व्हायला लागली की दिव्याची तार आधी मळकट तांबडी, मग पिवळी व्हायची आणि दिवा भक्कन पेटायचा. त्यानंतर सर बर्नर बाजूला करायचे, तरी दिवा चालूच. वाहणारी वीजच आता काच तापवत असायची. शेवटी कांडी वितळून तुटायची आणि वर्ग ओरडायचा. मी माझा तास नसला की मागच्या बाकावर जाऊन बसायची. दरवर्षी तोच प्रयोग, पण दिवा लागताना सरांचा चेहरा मुलांपेक्षा जास्त उजळायचा.

मुलांना कणांच्या उड्या समजाव्यात म्हणून ते गच्चीवरच्या खाटांचं उदाहरण द्यायचे. आमच्याकडे उन्हाळ्यात निम्मं गाव गच्चीवर झोपतं. एक जण उठून खाली गेला की शेजारचा त्याच्या खाटेवर सरकतो, त्याच्या जागी तिसरा येतो. "सोडियमचं असंच. जागा रिकामी झाली की पुढचा सरकला. पण समजा, त्याच गच्चीवर मोठी माणसं आणि लहान पोरं एकत्र आली. पोराच्या खाटोल्यावर मोठ्याला झोपता येत नाही, आणि मोठ्याच्या खाटेवर पोराला झोप लागत नाही. सगळे आपापल्या जागी अडकले. काचेत सोडियमबरोबर थोडा पोटॅशियम घाला, हेच होतं. दोघंही एकमेकांची वाट अडवतात. वीज एकदम घसरते." हा धडा ते दरवर्षी शिकवत. हे लक्षात ठेवायला हवं.

आता त्यांच्या दुसऱ्या सवयीबद्दल. सरांना अर्ध्या बाटल्या बघवत नसत. साठा तपासणीच्या आधी ते विभागातली कपाटं उघडून बसायचे आणि एकाच जिनसाच्या दोन-तीन उरलेल्या बाटल्या एकीत ओतून टाकायचे. रिकाम्या बाटल्या नोंदीतून कमी होत आणि फळी नीटनेटकी दिसे. आमच्याकडे ॲसिडच्या वाफांनी लेबलं खाल्लेली असायची, पण सरांना लेबलाची गरज नव्हती. पावडरवर ॲसिडचा थेंब टाकायचा, फसफसली की कार्बोनेट. "हा थेंब खोटं बोलत नाही," असं ते मोठ्या ऐटीत म्हणायचे.

घरीही तेच. एका वर्षी वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, उडदाच्या पापडांची तयारी केली होती. कपाटात दोन डबे होते, एकात पापडखार, दुसऱ्यात खायचा सोडा. दोन्ही निम्मे. सरांनी दोन्हींवर लिंबाचा थेंब टाकला, दोन्ही फसफसले, सरांनी दोन्ही एका डब्यात ओतले. त्या वर्षीचे पापड तळले की लाल पडायचे आणि कडवट लागायचे. वहिनींनी ते आम्हाला सगळ्यांना आवर्जून खायला घातले. "खा, यांनी संशोधन करेल शे," म्हणाल्या. सरही हसले, आम्हीही पोट धरून हसलो. कुणालाच त्यात काही शिकण्यासारखं वाटलं नाही.

लता नारखेडे त्याच सुमारास सरांकडे एम.फिल. करायला आली. जळगावजवळच्या असोद्याची, केळीवाल्या घरातली. वसतिगृहात राहायची. बोलायला कमी, पण हाताला शिस्त अशी की मी माझ्या मुलांना तिची काचेची भांडी बघायला पाठवायची. बोरिक ॲसिड आणि सोडियम कार्बोनेट तोलायचं, भट्टीत वितळवायचं, पितळी पत्र्यावर ओतून दाबायचं, चकतीच्या दोन्ही अंगांना ग्रॅफाइट लावायचं, आणि मग चकती तापवत तापवत तिच्यातून किती वीज जाते ते मोजायचं. असं तिचं काम. सर खूश होते. टपरीवर मला म्हणाले, "मॅडम, ही पोर माझं काम पुढे नेणार." त्यांना स्वतःला मूल नव्हतं, एक पुतणी तेवढी नाशिकला होती. हे वाक्य त्यांनी सहज उच्चारलेलं नव्हतं.

पावसाळ्यात एकदा नळावर भांडी धुताना लता मला म्हणाली, "मॅडम, कार्बोनेटच्या पावडरीला ओल येते. गोळे होतात. सरांना सांगितलं तर म्हणाले, भट्टीत वाळवून घे." मी म्हटलं, "मग वाळवून घे." तिनं वाळवून घेतलं.

तिचे आकडे आले ते सरांच्या स्वतःच्या जुन्या आकड्यांच्या कितीतरी खाली. त्याच प्रमाणातली काच, तीच भट्टी, तेच यंत्र, आणि वीज मात्र नावाला. सरांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. आलेखावर तिचे सगळे ठिपके एका रेषेत बसले होते, एकही बाजूला नव्हता. आणि तिथंच सरांची फसगत झाली. त्यांच्या स्वतःच्या आलेखातले ठिपके नेहमी इकडेतिकडे उडालेले असत. विभागाच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्यांनी तो कागद वर धरला आणि म्हणाले, "इतकी सरळ रेषा खरी नसते. आकडे मोजायचे असतात, बनवायचे नसतात." लता उभी राहून म्हणाली, "सर, मी मोजलेत." सरांनी कागदाची घडी केली आणि पुढचा विषय घेतला.

आठवड्याभरात सरांनी बोलावलं म्हणून तिचे वडील आले. त्यांना सगळे आबाच म्हणत, मग आम्हीही म्हटलं. धोतर, पांढरी टोपी, हातात सरांसाठी केळीच्या दोन फण्या. लता त्यांच्या मागे. मुलीसमोर बोलणं बरं नाही म्हणून सरांनी आबांना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

"मले कमी ऐकू येतं सर," आबा म्हणाले. "जरा जोरात सांगा."

सरांनी आवाज थोडा वाढवला. आबांनी कानामागे हात धरला आणि नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या वेळी सर अक्षरशः ओरडले, "तुमची मुलगी हुशार आहे, आबा. पण तिनं आकडे मनानं लिहिले. खोटे लिहिले."

दोन वर्गांत तास चालू होते. दोन्ही वर्ग गप्प झाले. मी प्रयोगशाळेच्या दारात होते. आबांनी आता ऐकलं होतं. त्यांनी हात जोडले. "तुम्ही सांगता म्हंजे खरंच असंन."

लता आतून आली. "सर, ती पावडर ओली व्हायची," एवढंच म्हणाली. सरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बापलेक तिचं वसतिगृहातलं सामान घेऊन दुपारच्या गाडीनं गेले. केळी सरांच्या टेबलावर राहिली ती काळी पडेपर्यंत कोणी खाल्ली नाहीत.

सर दुष्ट नव्हते. हे मी त्यांची बाजू घ्यायची म्हणून लिहीत नाही. दुष्ट माणसाला पुढचं काही झालं नसतं. सरांनी ठरवलं, तीच काच आपण करायची आणि खरे आकडे काय येतात ते दाखवून द्यायचं. त्यांनी केली. आकडे लताचेच आले. आधी त्यांनी भट्टीला दोष दिला, मग यंत्राला, मग धुळ्याच्या विजेला. पुन्हा पावसाळा आला. एका सकाळी ते कार्बोनेटची बाटली आणि काचेची बशी घेऊन माझ्याकडे आले. बशीत तासाभरापूर्वी ठेवलेली चिमूटभर पावडर होती आणि ती पाणी धरून लगदा झाली होती.

"मॅडम, सोडियम कार्बोनेटला असं पाणी सुटतं?"

"नाही सुटत," मी म्हटलं. "पोटॅशियमच्याला सुटतं."

त्यांच्यापेक्षा जास्त मला माहीत होतं असं नाही. त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मी तारेवर थोडी पावडर घेऊन ज्योतीत धरली. ज्योत लख्ख पिवळी झाली. सरांनी श्वास सोडला. "बघा, सोडियमच आहे." सोडियमचा पिवळा रंग फार दांडगा असतो, तो शेजारचं काही दिसू देत नाही. म्हणून आम्ही निळ्या कोबाल्टच्या काचेतून बघतो. ती काच पिवळा अडवते. मी ती कपाटातून आणली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी डोळ्याला काच लावली. ज्योतीच्या कडेला फिकट जांभळा रंग होता. पोटॅशियमचा. "पुन्हा धरा," म्हणाले. मी धरली. "पुन्हा." मग काच टेबलावर ठेवून ते स्टुलावर बसले.

"मागे कुणाच्या तरी कामासाठी पोटॅशियमची बाटली आली होती. अर्धी उरली होती," ते म्हणाले. "लेबल नव्हतं. मी थेंब टाकला. फसफसली. सोडियमनी बाटलीमा मन्हाच हातनी वती दिन्ही."

सर वर्गात आणि विभागात कधी अहिराणी बोलत नसत. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मला वाटलं, ते उद्याच असोद्याची गाडी धरतील. तसं झालं नाही. त्यांनी शुद्ध सोडियम कार्बोनेट मागवलं, शुद्ध पोटॅशियम कार्बोनेट मागवलं, आणि दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून काचा करायला घेतल्या. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मी विचारायची, "सर, असोद्याला कधी जायचं?" ते म्हणायचे, "एकदा पूर्ण आलेख होऊ द्या. खात्री नसताना कसं सांगायचं?" या काळात त्यांनी बाटल्या एकत्र करणं सोडून दिलं. प्रत्येक बाटलीवर स्वतः लेबल लिहून वरून मेण लावायचे. चहाचा ग्लास उजेडाकडे धरणं थांबलं. काचेच्या कांडीचा प्रयोग त्यांनी त्या वर्षी दुसऱ्या प्राध्यापकांना करायला सांगितला. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "रातले उठी बसतस. इचारं तं काहीच सांगत नही." मला सगळं माहीत होतं, पण ते सांगायचं काम सरांचं होतं.

शेवटी त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी असोद्याकडची एक विद्यार्थिनी बोलता बोलता म्हणाली, आमच्या गावच्या लताताई घरून जाऊन-येऊन पिंप्राळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात. सरांनी त्याच दिवशी मला विचारलं, "रविवारी येता का माझ्याबरोबर? एकट्याला जमणार नाही."

धुळे-जळगाव गाडीत ते खिडकीशी बसले. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला आलेख. खिडकीच्या काचेवर त्यांनी बोट वाजवलं नाही. पारोळा गेल्यावर म्हणाले, "मॅडम, तिला खोटं ठरवताना मला एक कागद पुरला. स्वतःची चूक मानायला मला इतके महिने मोजत बसावं लागलं. ही खात्री नव्हे. ही भीती होती."

असोद्यात घर सापडायला वेळ लागला नाही. पुढे ओटा, ओट्यालगत गल्ली, समोरच्या ओट्यावर बायका लसूण सोलत बसलेल्या. लताच्या आईनं दार उघडलं. त्यांनी सरांना ओळखलं नाही. "बसा ना भाऊ. लता दुकानात गेली, येतेच," म्हणाल्या आणि पाणी आणलं. सर बसता बसता थांबले. समोरच्या भिंतीवर आबांचा फोटो होता आणि त्याला हार होता.

"केव्हा?" सरांनी विचारलं.

"मागच्या चैतात," आई म्हणाल्या.

मागचा चैत्र म्हणजे सर प्रयोगशाळेत आलेख पुरा करत होते तेव्हा. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघवलं नसतं.

लता आली. थोडी भरली होती, चष्मा लागला होता. "सर?" म्हणून दारातच थांबली, मग वाकून नमस्कार करायला लागली तर सरांनी दोन्ही हातांनी तिला अडवलं. त्यांनी कागद उलगडून खाटेवर पसरला. ओतलेली बाटली, ओल, जांभळी ज्योत, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, महिने लावले तेही सांगितलं. आलेखावर एकेका तापमानाची एक वाकडी रेषा होती, मधे खोल उतरलेली, आणि प्रत्येक उतारावर लाल शाईतला एक ठिपका.

"हे तुझे," सर म्हणाले. "तू मोजलेले. बरोबर रेषेवर बसतात."

लतानं चष्मा सावरून ठिपक्यांवर बोट ठेवलं. एकेका ठिपक्यावरून ते फिरवलं. "म्हणजे मी मोजलेलं बरोबर होतं."

"बरोबर होतं. हे तुझ्या नावानं छापायला पाठवतो. विद्यापीठाला लिहितो. तू परत ये, मी अजून..."

"नको सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना सोपं गेलं असतं. "छापायचं तर छापा. मला आता शाळा आहे. मुलं चांगली आहेत." तिनं आलेखाची घडी घातली. "आबा मला कधी रागावले नाहीत. एका शब्दानं विचारलं नाही. पण केळी कापायला आली की घडांचं वजन लिहायला ते मला बसवायचे, लहानपणापासून. त्या वर्षीपासून शेजारच्या मुलाला बसवलं."

आई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांना आता कळलं होतं, हा माणूस कोण ते. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. इतकी वर्षं मी सरांना ओळखत होते, पण त्यांचा चेहरा इतका रिकामा झालेला मी पाहिला नव्हता.

त्यानंतर महिन्याभरात सर निवृत्त झाले आणि वहिनींना घेऊन पुतणीकडे नाशिकला गेले. निरोपाच्या कार्यक्रमात ते पाचच मिनिटं बोलले आणि लवकर निघाले. मला आठवतात ते त्या रविवारचे सर.

ते उठले. फोटोसमोर जाऊन उभे राहिले. खिशातली काचेची कांडी काढून त्यांनी फळीवर ठेवली, का ते मला माहीत नाही, कदाचित हात जोडायला मोकळे हवे होते म्हणून. हात जोडून, मान खाली घालून, आपल्यालाच ऐकू येईल अशा आवाजात ते म्हणाले, "आबा, तुमनी पोर खरी व्हती. चूक मन्ही व्हती."

मग मागून लता म्हणाली, "सर, मोठ्यानं सांगा. आबांना कमी ऐकू यायचं."

सरांनी मान वर केली. दार उघडंच होतं. ते पुन्हा म्हणाले, व्हरांड्यात ओरडले होते तितक्याच मोठ्यानं, आणि समोरच्या ओट्यावरच्या बायकांचे लसूण सोलणारे हात थांबले.